शून्याखालचे आकडे

एम.एस्सी.च्या प्रबंधिकेसाठी मी 2019-20 च्या हिवाळ्यात उत्तर ध्रुवावरील स्थितांबरात असलेल्या क्लोरीन मोनॉक्साइडचा, म्हणजे ओझोनच्या नाशात भाग घेणाऱ्या वायूचा, विषय घेतला. जळगावच्या एप्रिलमध्ये, गरम हवा फेकणाऱ्या पंख्याखाली बसून, मी उणे ऐंशी अंशांच्या आसपासच्या हवेचे आकडे उतरवून घेत होतो.

ध्रुवावर हिवाळ्यात सूर्य उगवत नसल्याने सूर्यप्रकाशावर चालणारी उपकरणे तेथे आंधळी ठरतात. 2004 मध्ये सोडलेल्या ऑरा उपग्रहावरील मायक्रोवेव्ह लिंब साउंडर मात्र रेणूंनी स्वतःच उत्सर्जित केलेल्या सूक्ष्मलहरी टिपतो, म्हणून त्याला रात्रही चालते. दिवसाला सुमारे 3,500 प्रोफाइल, म्हणजे उंचीनुसार वायूच्या प्रमाणाच्या नोंदी, मिळत. ती उतरवताना दोनदा लाइट गेली, एवढेच.

घोळ झाला तो चाळणीत, म्हणजे खराब नोंदी वगळण्याच्या अटींत. ज्या नोंदीचा स्टेटस (ती वापरण्याजोगी आहे का, हे सांगणारा सांकेतिक आकडा) विषम किंवा अचूकतेचा आकडा उणे, ती टाकून द्यावी, असे उपकरणाच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिले आहे. मी त्यात पदरची एक अट घातली: वायूचे प्रमाणच उणे आले असेल, तर तीही नोंद बाद. हवेत शून्याहून कमी वायू असेलच कसा? परिणामी ध्रुवीय भोवऱ्याच्या (हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या थंड हवेच्या) आत, 50 हेक्टोपास्कल दाबाच्या, म्हणजे सुमारे 20 किलोमीटर उंचीच्या पातळीवर, रात्रीचे सरासरी प्रमाण अब्जात 0.08 भाग दिसू लागले. खरे तर अंधारात, त्या थंडीत, क्लोरीन मोनॉक्साइडचे रेणू जोडीजोडीने बांधले जातात आणि मोकळे जवळजवळ उरत नाहीत. भोवऱ्याची सीमा चुकली की दिवसाच्या नोंदी रात्रीच्यांत मिसळल्या, हे तपासण्यात माझे दोन आठवडे गेले.

सुटीत सावद्याला गेलो, तेव्हा केळीच्या वखारीतला रिकामा इलेक्ट्रॉनिक काटा वाऱ्याने कधी शून्याच्या वर, कधी खाली जात होता. मी सहज विचारले, खालचे आकडे सोडून दिले तर? वखारीतले बापू हसले. "नुसते वरचेच धरशील, तर रिकाम्या काट्यावरही माल भरेल, बेटा."

एका नोंदीत अब्जात सुमारे 0.1 भागाची यादृच्छिक चूक असते. खरे प्रमाण शून्याजवळ असेल, तर निम्मे आकडे उणे येणारच, आणि सरासरीत तेच शून्यावरच्या आकड्यांना खोडतात. माझ्या पदरच्या अटीची ती एक ओळ काढल्यावर रात्रीची सरासरी शून्याला टेकली. उजेडातले आकडे मात्र फारसे हलले नाहीत, कारण ध्रुवीय स्थितांबरातल्या ढगांच्या पृष्ठभागावर मोकळे झालेले क्लोरीन सूर्य दिसताच इतके मोनॉक्साइड बनवते की ते या चुकीच्या कितीतरी वर राहते.

नायट्रिक आम्लाच्या फाइलींनाही मी तीच चाळणी लावली होती. त्या पुन्हा चालवण्यात चार दिवस गेले. फरक नगण्य निघाला.