जानेवारीतला नाणेघाट

जुन्नरजवळचा नाणेघाट म्हटलं की हल्ली सगळ्यांना पावसाळ्यातला, वाऱ्याने पाणी वर उडणारा उलटा धबधबाच आठवतो, पण मी म्हणेन जानेवारीत जा. गर्दी नसते, धुकं नसतं आणि मुख्य म्हणजे घाट निवांत पायी उतरता येतो. आम्ही पुण्याहून नारायणगाव-जुन्नर करत आदल्या संध्याकाळीच घाटघरला एका घरी मुक्कामाला पोचलो होतो, मी, दादा आणि वहिनी.

सकाळी थंडी अशी की मावशींनी चुलीवरचा चहा दोनदा दिला तरी बोटं गरम होईनात. नाचणीची भाकरी न् ठेचा बांधून घेतला आणि चालत निघालो. भाताची खाचरं कापून मोकळी झालेली, मधेमधे हिरड्याची झाडं, समोर जीवधन किल्ला. वाटेत एक आजोबा भेटले, ते सांगत होते की बाळहिरडा कोवळा असतानाच काढायचा, वाळवायचा आणि विकायचा, इथल्या महादेव कोळी घरांत हातात पैसा येतो तो बराचसा त्यातून. पुढे गेल्यावर वानरलिंगीचा सुळका दिसायला लागला आणि वहिनी तिथेच बसल्या, म्हणाल्या मला पाच मिनिटं नुसतं बघू दे.

घाटाच्या तोंडाशी तो मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी यात टाकायचे असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. तिथून कातळाच्या खिंडीतून थोडं खाली उतरलं की गुहा. बरेच जण वरूनच रीळ काढून परत फिरतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण नाणेघाट म्हणजे ही गुहाच आहे हो! डावी-उजवी भिंत ब्राह्मी अक्षरांनी भरलेली, सातवाहनांची राणी नागनिका हिचा सुमारे २००० वर्षांपूर्वीचा लेख. कुठले यज्ञ केले, काय दान दिलं याची यादी आहे, ११,००० गाई, १,००० घोडे अशी, आणि ते आकडे चक्क अंकात कोरलेत. शून्य नाही, १०, १००, १००० ला वेगवेगळी चिन्हं. भारतात अंक लिहिलेले जे अगदी जुने नमुने सापडलेत त्यात हा लेख येतो. दादा गणिताचा मास्तर, तो टॉर्च घेऊन भिंतीपाशी जो उभा राहिला तो हलेचना.

समोरच्या भिंतीवर राजघराण्याचे पुतळे होते. सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी, राजकुमार... आता वर नावं आहेत आणि खाली फक्त पावलांच्या खुणा. मला तिथे भरून आलं. एवढं मोठं राज्य चालवणाऱ्या बाईचा चेहरा आपल्याला कधीच दिसणार नाही, पण नाव मात्र दगडात शाबूत आहे. आणि त्याच गुहेत कुणीतरी कोळशाने स्वतःचं नाव लिहून ठेवलेलं, ते बघून संताप आला, कृपा करून असं करू नका.

मग दगडांनी बांधून काढलेल्या जुन्या वाटेने पायथ्याच्या वैशाखरे गावाच्या दिशेने बरंच खाली उतरलो. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरावरचा माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा, ओझ्याच्या जनावरांसकट. आम्ही नुसत्या पाण्याच्या बाटल्या घेऊन वर चढताना गुडघे बोलायला लागले, तेव्हा त्या जनावरांचं काय होत असेल कळलं. भाकरी मधेच सावली बघून खाल्ली.

परतताना पूर गावात कुकडेश्वर महादेवाचं दर्शन घेतलं, कुकडी नदीचा उगम इथलाच मानतात. मंदिराचं कोरीवकाम सुंदर आहे पण उजेड जात आला होता, घाईत झालं, त्यासाठी वेगळा वेळ काढायला हवा.

जाणार असाल तर टॉर्च आणि भरपूर पाणी घ्या, आणि ब्राह्मी वाचता येणारं कुणी ओळखीत असेल तर त्यांना गळ घालून सोबत न्या, मी पुढच्या वेळी तेच करणार आहे.