चारशे बारा म्हणजे गवार

लेक वर्षाची झाली तसं वरचं दूध सुरू केलं आणि तिसऱ्याच दिवशी तिच्या पोटावर, पाठीवर गांधी उठल्या. ओठ सुजले. रक्ततपासणीनंतर डॉक्टर म्हणाल्या, गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी आहे. म्हैस नको, शेळीही नको, त्यांची प्रथिनं बरीच सारखी असतात. घरी येईपर्यंत तीन जणांनी फोनवर सांगितलं, "मग ते लॅक्टोज-फ्री दे की!" लॅक्टोज ही दुधातली साखर. हिचं भांडण केसीन या दुधातल्या प्रथिनाशी. साखर काढून टाकली तरी केसीन तिथेच राहतं. हे मी पुढचं वर्षभर लोकांना सांगत होते.

मी बदामाचं आणलं. बदाम म्हटलं की आपल्याकडे कुणी प्रश्न विचारत नाही. खोक्यावर बदामांची रास, त्यावर पांढरीशुभ्र धार. 'दूध' हा शब्द मात्र कुठेच नाही, 'बदाम पेय' लिहिलेलं. आपल्या अन्न नियमांत दूध हा शब्द जनावराच्या दुधासाठी राखून ठेवलाय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

चार महिन्यांनी वजन जिथल्या तिथे. डॉक्टर म्हणाल्या, पुढच्या वेळी ते खोकंच घेऊन या. नेलं. त्यांनी ते उलटं करून माझ्यासमोर धरलं आणि म्हणाल्या, "वाचा." घटक: पाणी, साखर, बदाम (3 टक्के), पुढे आकड्यांची माळ, म्हणजे वरून घातलेल्या पदार्थांचे सांकेतिक क्रमांक. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे. म्हणजे या बदामाच्या पेयात बदामापेक्षा साखर जास्त. लिटरभरात बदाम 30 ग्रॅम, मोजून पंचवीसेक. प्रथिनं 100 मिलीत 0.6 ग्रॅम, गाईच्या दुधात तीनच्या वर असतात. मी चार महिने मुलीला गोड पाणी पाजत होते आणि वर बुद्धी वाढेल म्हणून खूश होते.

मग सोया. पहिला घोट डॉक्टरांच्या समोरच दिला, कारण काही मुलांना त्याचीही ॲलर्जी असते. हिला नव्हती. बिनसाखरेचं, 100 मिलीत 3 ग्रॅम प्रथिनं आणि 120 मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, एवढं बघून घ्यायचं, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. तो कागद अजून फ्रीजवर आहे.

आकड्यांची भीती मात्र गेली नव्हती. 340, 412, 418, 322. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या आकड्यांबद्दल जे जे येतं ते वाचून झोप उडायची. मी ठरवलं, घरीच करू. सोयाबीन रात्रभर भिजवले, सालं काढली, मिक्सरमधून काढून पंचातून गाळले आणि वीस मिनिटं ढवळत उकळलं. कच्च्या सोयाबीनने पोट बिघडतं, त्यामुळे इथे घाई चालत नाही. बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं. सकाळी बघते तर वर पिवळट पाणी, खाली गाळ. हलवून स्वतःच्या कॉफीत घातलं, तर क्षणात चोथा झाला. कॉफी आंबट असते, त्यात ती कढत. सोयाची प्रथिनं गोळा व्हायला तेवढं पुरतं.

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या. त्या मूळच्या मालवणच्या. म्हणाल्या, "नारळाचा रस पण असाच फुटतो. सारखा ढवळत राहायचं आणि उकळी येऊ द्यायची नाही." आणि कॉफीबद्दल म्हणाल्या, "चिमूटभर सोडा घाल. उन्हाळ्यात दूध नासेल असं वाटलं की आम्ही घालायचो." घातला. दुसऱ्या कपात चोथा झाला नाही. चव मात्र साबणासारखी.

त्या दिवशी दुकानातलं खोकं परत हातात घेतलं आणि एकेक आकडा शोधत बसले. 340 म्हणजे पोटॅशियम फॉस्फेट. सासूबाईंच्या सोड्याचंच काम करतं, आंबटपणा आवरतं, फक्त साबणाची चव न येता. 322 म्हणजे लेसिथिन, ते सोयाबीनमधूनच निघतं, तेल आणि पाणी धरून ठेवतं. 418, जेलन गम, एका जिवाणूकडून आंबवून करून घेतात. अगदी थोडा घातला तरी कण तरंगत राहतात, खाली बसत नाहीत. आणि 412? गवार! आपल्या गवारीच्या बियांचा डिंक. जगातली बहुतेक गवार भारतात आणि त्यातही राजस्थानात पिकते. युरोपात याच आकड्याच्या आधी ई लावतात, बाकी तेच. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "मग तसं लिहायला काय होतं मेल्यांना?"

संरक्षक म्हणून मात्र काहीच नव्हतं. मला वाटायचं, सहा महिने टिकतं म्हणजे नक्की काहीतरी घालत असणार. पण ते 135 अंशांच्या वर काही सेकंद तापवून निर्जंतुक खोक्यात बंद करतात, म्हणून टिकतं. फोडल्यावर तीन-चार दिवसांत संपवावं लागतं. डिंकांबद्दल एवढंच म्हणेन की ते पचत नाहीत, जास्त पोटात गेले तर वायू धरतो. दिवसाला दोन कपांवर आमचं काही बिघडलं नाही. 407, म्हणजे समुद्रशेवाळातून निघणारं कॅराजीनन, त्यावर मतभेद आहेत. ते असलेलं मी घेत नाही. दुसरं मिळतंय तर कशाला वाद?

एक चूक मात्र पूर्ण माझी. खोकं संपत आलं की तळाशी पांढरा रवाळ गाळ राहायचा, रांगोळीच्या पुडीत राहतो तसा. मी तो बेसिनमध्ये ओतून द्यायचे. दोन महिन्यांनी लक्षात आलं की तो 170 आहे, कॅल्शियम कार्बोनेट. ज्याच्यासाठी एवढं महागाचं पेय आणायचं, तेच मी मोरीत सोडत होते. खोक्यावर 'वापरण्यापूर्वी चांगले हलवा' असं लिहिलेलं असतं, ते मला औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं वाटायचं. आता हलवण्याचं काम लेकीकडे आहे. ती खुळखुळ्यासारखं हलवते, निम्म्या वेळा खोकं खाली पडतं.

शेवटचा धडा दुसऱ्या वाढदिवसाला मिळाला. केकवाल्याने शपथेवर सांगितलं, "क्रीम नॉन-डेअरी आहे, दुधाचा थेंब नाही." अर्ध्या तासात गांधी. औषध घरात होतं म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून क्रीमचं रिकामं पाकीट मागून आणलं. त्यात सोडियम कॅसिनेट होतं, म्हणजे दुधातलंच केसीन. आणि अगदी तळाशी, बारीक अक्षरात: दूध आहे. हिरव्या ठिपक्याचा इथे काहीच उपयोग नाही, दूध शाकाहारीच असतं. आता मी आधी ती तळची ॲलर्जीची ओळ वाचते, मग हिरवा 'व्ही' आणि पान असलेलं व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासूनचं काहीच नसल्याचं, चिन्ह बघते, आणि आकड्यांकडे सगळ्यात शेवटी वळते.

पुढच्या महिन्यात डॉक्टर तिला त्यांच्या देखरेखीखाली दूध घालून भाजलेल्या केकचा कण देऊन बघणार आहेत. भट्टीत तापल्यावर दुधाची प्रथिनं बदलतात आणि काही मुलांना ती चालायला लागतात. सासूबाईंनी त्या दिवशी सोबत यायचं म्हणून आत्ताच सांगून ठेवलंय. केक कुणी केला, त्यात काय काय घातलं, ते त्या स्वतः विचारणार आहेत.