तिच्या फोनवर झुलूत येणारे निरोप

जोहान्सबर्गला येऊन तीन वर्षं झाली तरी इथल्या सरकारी दवाखान्याची पायरी मी चढले नव्हते. विमा असणारे खासगीत जातात, बाकीचा बहुसंख्य देश सरकारी क्लिनिकमध्ये. आमच्याकडे कामाला येणारी मुलगी गरोदर राहिली, पहिलटकरीण, आणि तपासणीला एकटीने जायला घाबरत होती, म्हणून मी सोबत गेले.

सकाळी सहाला रांगेत उभ्या राहिलो, नंबर लागला साडेअकराला. नर्सला इथे सगळे सिस्टर म्हणतात. सिस्टरने वजन, रक्तदाब, रक्ततपासणी उरकली आणि मग विचारलं, "फोन तुझाच ना? घरात आणखी कोण बघतं?" प्रश्न उगाच नव्हता, त्या फोनवर आता आरोग्य खात्याचे निरोप येणार होते. इथल्या सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायकांपैकी चारात एक तरी एचआयव्हीबाधित असते. कुठला निरोप कुणाच्या नजरेस पडेल, याला फार महत्त्व आहे.

तिचा फोन साधा, बटणांचा. त्यावर *१३४*५५०# असा नंबर फिरवून दोनचार प्रश्नांत तिची नोंद झाली. भाषा? झुलू, इथल्या मोठ्या भाषांपैकी एक. बाळंतपणाची तारीख? झालं. या सेवेचं नाव मॉमकनेक्ट. दक्षिण आफ्रिकेच्या आरोग्य खात्याने ती ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू केली. कितवा आठवडा चालू आहे त्याप्रमाणे निरोप येतात, बाळ झालं की बाळाच्या वयाप्रमाणे. २०१७ पासून व्हॉट्सॲपवरही मिळतात, पण तिच्यासारखीला ना स्मार्टफोन लागतो, ना इंटरनेट, ना पैसे. मला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. देखणं ॲप काढून ते डाऊनलोड करायला डेटा मागणं म्हणजे जिला खरी गरज तिलाच दाराबाहेर ठेवणं.

आणि हे एकतर्फी नाही, उलट विचारता येतं. सातव्या महिन्यात तिचं डोकं दोन दिवस ठणकत होतं, चेहरा सुजला होता, मधूनच डोळ्यांपुढे अंधारी यायची. कामाने दमले असेन, असं ती म्हणत राहिली. मग आधी आलेला एक निरोप आठवून तिने फोनवरूनच या सेवेला विचारलं. उत्तर आलं: थांबू नको, आजच क्लिनिकमध्ये जा. रक्तदाब बराच वाढलेला निघाला आणि तिथूनच तिला मोठ्या इस्पितळात पाठवलं. रक्तदाब फोनने मोजला नाही, सिस्टरने मोजला, हेही खरं. यंत्र बंद असतं किंवा सिस्टर जागेवर नसती, तर त्या निरोपाचा काय उपयोग होता? दवाखान्याबद्दल तक्रारही याच सेवेतून करता येते. सुरुवातीच्या काळात तर तक्रारींपेक्षा कौतुकाचेच निरोप कितीतरी जास्त आले होते. पाच तास रांगेत बसलेल्या बायका सिस्टरला शाबासकी कळवतात, हे ऐकून मला भरून आलं.

पण मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. सेवा बंद करायची असेल, तर कारण विचारलं जातं. त्यात गर्भपात आहे, मृत बाळ जन्मलं हे आहे, बाळ जन्मल्यावर दगावलं हेही आहे. हे कळवलं की 'तुमचं बाळ आता इतक्या आठवड्यांचं झालं' असे निरोप येणं थांबतं. हवे असतील तर त्याऐवजी दुःखात धीर देणारे चार शब्द येतात. ज्यांनी हे लिहून ठेवलं, त्यांनी असं घर जवळून पाहिलेलं असणार.

तिला मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मला झुलू येत नाही, ती ओळीओळीचा अर्थ इंग्रजीत सांगते. परवाचा निरोप होता: सहा महिने फक्त अंगावरचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. तिच्या आईला हे मुळीच पटलेलं नाही, बाळाला तहान लागते म्हणते. वाद न घालता तिने फोन आईच्या हातात दिला. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला, मग विचारलं, "आणि हिला ताप आला तर? तेही यांना विचारता येतं का?"