नेपाळमधल्या महिला मेळाव्याला निघण्याआधी

आपल्याकडच्या ख्रिस्ती महिला संघाला परदेशात सेवेला जायचं असेल तर सगळ्यात सोयीचा देश नेपाळ. व्हिसा लागत नाही, गोरखपूरपर्यंत रेल्वे जाते, हिंदी बऱ्यापैकी चालते आणि लिपीही आपलीच. गंमत अशी की या सोयींमुळेच तयारी ढिली राहते. "शेजारी तर जायचंय" म्हणत पाचसहा जणी निघतात. तिकडे पोचल्यावर कळतं की जेवणाची वेळ वेगळी, उपासनेचा वार वेगळा, तारीख वेगळी आणि कायदा तर फारच वेगळा.

पाहुण्या आपण, यजमान तिथल्या बायका, ही गोष्ट आधी पक्की करावी. १९५१ पर्यंत नेपाळ मिशनऱ्यांना बंद होता. डॉ. लिली ओ'हॅनलन आणि हिल्डा स्टील या दोघी मिशनरींनी सरहद्दीच्या अलीकडे नौतनव्यात कित्येक वर्षं काम करत वाट पाहिली आणि १९५२ मध्ये नेपाळी ख्रिस्ती सोबत्यांबरोबर पोखऱ्याला पोचल्या. तिथली रामघाटची मंडळी, म्हणजे चर्च, डेव्हिड मुखियांसारख्या नेपाळी माणसांनीच उभी केली. २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये ५,१२,३१३ ख्रिस्ती नोंदले गेले, म्हणजे लोकसंख्येच्या १.७६ टक्के. नेपाळी लोकांनीच, नेपाळी भाषेत वाढवलेली ही मंडळी आहे. तिला व्यासपीठावरून वाढवायला आपण जात नाही. तिथल्या महिला संगतीने, म्हणजे मंडळीतल्या महिलांच्या गटाने, बोलावलं तर जातो आणि त्यांनी मागितलेला विषय शिकवतो.

निमंत्रण लेखी घ्यावं. त्यात मेळावा मंडळीतल्या महिलांसाठी आहे, कुठे आहे आणि कोणत्या तारखांना आहे हे स्पष्ट असावं. कारण कायदा. नेपाळच्या २०१५ च्या संविधानातलं कलम २६ धर्म पाळायचा अधिकार देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई करतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या दंडसंहितेच्या कलम १५८ प्रमाणे त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. गुन्हेगार परदेशी असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांत देशाबाहेर काढतात. म्हणून पत्रकं वाटायची नाहीत, बाजारात गाणी म्हणायची नाहीत, दवाखान्यात अनोळखी माणसावर हात ठेवून प्रार्थना करायची नाही. "आलात तर साडी मिळेल" असं गमतीतही बोलायचं नाही, आमिषाचा आरोप तिथूनच सुरू होतो. फोटोही जपून. बायकांचे चेहरे आणि गावाचं नाव असलेली पोस्ट आपण पुण्याला परत आल्यावर टाकली तरी त्रास व्हायचा तो तिकडच्या पाळकांना (पास्टरांना) होतो.

तारीख ठरवताना घोळ हमखास होतो. तिकडे सगळा व्यवहार विक्रम संवताने चालतो आणि महिने सौर असतात. फोनवर कोणी "फागुन दस गते" म्हटलं की आपल्या डोक्यात फाल्गुन शुद्ध दशमी येते. खरं तर त्यांचा फागुन १३ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे तो दिवस २२ फेब्रुवारीच्या मागेपुढे पडतो. दोन्ही कॅलेंडरांच्या तारखा वारासकट लिहून घ्याव्यात, वार जुळला नाही तर लगेच विचारावं. हंगामही बघावा. असारात, म्हणजे जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत, भाताची लावणी असते, बाई चिखलात उभी असते, ती येणार नाही. त्यानंतरही पावसाळाभर डोंगरातले रस्ते दरडींनी बंद पडतात. कार्तिक-मंसिरात, म्हणजे साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत, कापणी. त्यापुढे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, पूस-माघात, तराईत (भारताला लागून असलेल्या सपाट पट्ट्यात) असं धुकं पडतं की बस तासन्‌तास रखडतात. आमच्या मते फागुन सगळ्यात बरा: थंडी ओसरलेली, शेतात खोळंबलेलं काम कमी. शिवाय मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो, मेळावा त्याला जोडता येतो. दसैंच्या, म्हणजे तिकडच्या दसऱ्याच्या, सुट्टीतही घेता येतो, पण त्या दिवसांत बसची तिकिटं मिळणं मुश्किल.

वार शुक्रवार-शनिवार. नेपाळमध्ये मंडळ्यांची उपासना शनिवारी होते, कारण साप्ताहिक सुट्टी पूर्वापार तीच. आपल्या सवयीने शनिवार-रविवार ठरवला तर रविवारी शाळा-ऑफिसं सुरू असली की दुसऱ्या दिवशी निम्मी बैठक रिकामी दिसते.

प्रवासासाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोहोंपैकी एक मूळ प्रत. विमानाने जाणाऱ्या १५ ते ६५ वयाच्या व्यक्तीला आधार कार्ड चालत नाही, विमानतळावरूनच परत पाठवतात. ज्यांचं मतदार कार्ड पुसट झालंय त्यांनी दोन महिने आधी नवीन काढायला टाकावं. रेल्वेने गोरखपूर, तिथून साधारण शंभर किलोमीटरवर सुनौली, पायी सरहद्द ओलांडली की भैरहवा आणि पुढे बुटवल. सरहद्द उजेडी ओलांडावी. बुटवलहून तानसेन-पोखरा रस्ता नुसता वळणांचा आहे, उलटीची गोळी गाडीत बसायच्या अर्धा तास आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही.

पैशाचं गणित सोपं: भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, १९९३ पासून हाच दर. पण शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर तिकडे निर्बंध घातले गेले आहेत आणि नियम बदलत असतात, म्हणून पाचशेच्या गड्डीच्या भरवशावर जाऊ नये. शंभराच्या नोटा न्याव्यात, उरलेलं सरहद्दीवर अधिकृत ठिकाणी बदलून पावती घ्यावी. मार्च २०२४ पासून तिकडच्या फोनपेच्या (Fonepay, आपल्याकडचं PhonePe नव्हे) क्यूआरवर भारतीय यूपीआयही चालतं, पण ते दुकानात. भाजीवाली रोखच मागणार. आणखी एक गोष्ट खजिनदारबाईंनी आधीच सीएला विचारावी. मंडळीच्या ट्रस्टने भारताबाहेर केलेला खर्च आयकराच्या सवलतीत सहसा धरला जात नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते. बहुतेकांना हे ऑडिटच्या वेळी समजतं. प्रत्येकीने आपलं भाडं आपल्या खिशातून भरावं, हे सगळ्यात स्वच्छ.

भेटवस्तूंची खोकी नेऊ नयेत. दीडशे साड्यांचा गठ्ठा सरहद्दीवरच्या भन्सारात, म्हणजे कस्टममध्ये, व्यापारी माल ठरतो. काही द्यायचंच असेल तर बुटवलच्या बाजारातून यजमान महिलांनाच घेऊ द्यावं. प्रोजेक्टर, स्पीकरही तिकडचेच वापरावेत. प्लग आणि व्होल्टेज आपल्यासारखेच आहेत, ती काळजी नको.

आता दिवसाचा क्रम. बहुतेक पाहुण्या टीमचा कार्यक्रम इथेच फसतो. आपण नऊला नाश्ता, एकला जेवण असं धरून तीन सत्रं बसवतो. नेपाळी घरात सकाळी दहाच्या सुमाराला दाल-भात-तरकारी हे पूर्ण जेवण होतं, दुपारी अडीच-तीनला खाजा, म्हणजे चिउरा (पोहे), चणे किंवा नूडल्स आणि चिया (चहा), मग संध्याकाळी पुन्हा दाल-भात. दहा ते एक सत्र ठेवलं तर बायका उपाशी बसतात आणि एकला भात वाढला तर खाजाचा घोळ होतो. चालणारा क्रम असा: सकाळी सात ते साडेआठ गायन-प्रार्थना आणि छोटा शास्त्रपाठ, साडेनऊला जेवण, अकरा ते साडेबारा पहिलं सत्र, एक ते सव्वादोन गटचर्चा, अडीचला खाजा, सव्वातीन ते साडेचार शेवटचं सत्र. साडेचारच्या पुढे खेचू नये, लांबच्या वाड्यांवरच्या बायकांना अंधाराआधी उतरण चढण पार करायची असते.

उद्घाटनाला एक तास धरूनच ठेवा. खादा (स्वागताचं उपरणं), हार, ओळखी, तीन मंडळ्यांचे पाळक, प्रत्येकाचे दोन शब्द. ते कापायला जाऊ नका, त्यांच्या दृष्टीने तो कार्यक्रमाचा भाग आहे. आपलं पहिलं सत्र कापा.

स्वयंपाक मंडळीतल्याच भगिनी करतात, पण शिधा मोजून भरला नाही तर दुसऱ्या दिवशी डाळीत पाणी वाढतं. १२० महिला आणि २० कार्यकर्ते धरले तर दोन दिवसांत दोन वेळची ५६० ताटं होतात. ताटामागे १८० ग्रॅम तांदूळ धरा: शंभर किलो, म्हणजे पंचवीस किलोची चार पोती. आपल्या हिशोबाने हे जास्त वाटतं, पण डोंगरातून तीन तास चालून आलेली बाई भात मापून खात नाही. डाळ ४० ग्रॅमने २२ किलो, भाजी दीडशे ग्रॅमने ८४ किलो, त्यात निम्मे बटाटे. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार लागतील. संडास पंचवीस जणींमागे एक तरी हवा. कमी असतील तर शेजारची घरं आधीच विचारून ठेवायला सांगा आणि एका आडोशाला पाळीच्या दिवसांसाठी कागद, पिशव्या आणि झाकणाची बादली ठेवा.

मुलं येणारच. दहा बायकांमागे दोन-तीन लेकरं धरावीत. त्यांच्यासाठी वेगळी जागा आणि टीममधली एक पूर्णवेळ बाई दिली नाही तर कुठलंही सत्र नीट ऐकलं जात नाही. म्हणून सहा जणींची टीम असेल तर शिकवणाऱ्या दोघीच पुरे. एक गाण्याला, एक मुलांना, एक हिशोब आणि शिध्याला, एक प्रार्थनेला बसायला. सहाही जणी वक्त्या असलेली टीम यजमानांना जड जाते.

भाषांतराचं गणित कुणी करत नाही. वाक्यागणिक दुभाषी असली की ४५ मिनिटांत आपल्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटं येतात. घरी चाळीस मिनिटांचा संदेश तयार केला असेल तर निम्मा तिथेच काढून टाका. हिंदीतून नेपाळी भाषांतर इंग्रजीपेक्षा सरळ होतं, कारण दोन्हींत क्रियापद शेवटी येतं. पण त्याचमुळे वाक्य अर्ध्यात तोडता येत नाही. "ज्या बाईला बारा वर्षांपासून…" म्हणून थांबलात तर दुभाषी कशाचं भाषांतर करणार? छोटं, पूर्ण वाक्य, मग थांबा. तराईत हिंदी समजते म्हणून दुभाषीच नको असं ठरवू नका. डोंगरातल्या आमांना, म्हणजे वयस्कर बायकांना, ती समजत नाही, शिवाय स्वतःच्याच मंडळीत पाहुणीची भाषा ऐकावी लागणं सगळ्यांना रुचतं असं नाही. टिपण तीन आठवडे आधी पाठवा, दोन पानांच्या वर नको, वचनांच्या संदर्भांसह. बायबलमधल्या पुस्तकांची नावं तिकडची लिहा: स्तोत्रसंहितेला भजनसंग्रह, नीतिसूत्रांना हितोपदेश, योहानाला यूहन्ना. लिपी एकच असल्याने वचन नेपाळीतून आपण स्वतः वाचू शकतो. उच्चार चुकतो, बायका हसतात आणि दुरुस्त करून देतात, पण वाचावं.

म्हाताऱ्या बायकांपैकी बऱ्याच जणींना वाचता येत नाही, तेव्हा छापील वर्कबुक आणि रिकाम्या जागा भरा हा प्रकार नको. आपल्या जुन्या बायबलबाया जसं घरोघर शिकवायच्या तसं शिकवावं: गोष्ट सांगायची, गटाकडून ती परत सांगून घ्यायची, एक वचन सगळ्यांकडून पाचसहा वेळा म्हणून घ्यायचं. दोन दिवसांना तीन गोष्टी पुरतात. बायबलमधल्या रूथ आणि नामी या सून-सासू तिकडे लगेच लागू पडतात, कारण कितीतरी घरांतले पुरुष आखातात किंवा मलेशियात आहेत आणि सासू-सून दोघीच घर ओढतात. मार्कच्या पाचव्या अध्यायातली, बारा वर्षं रक्तस्राव सोसलेली स्त्री पश्चिम नेपाळात तर फारच आतवर पोचते. पाळीच्या दिवसांत बाईला गोठ्यात, झोपडीत ठेवायची छाउपडी ही प्रथा २०१८ पासून दंडनीय आहे, तरी ती भोगलेल्या बायका समोर बसलेल्या असतात. गोष्ट सांगा, थांबा. "तुमच्याकडची ही वाईट प्रथा" असं पाहुणीने बोलू नये. गटात त्याच बोलतील.

बायका बोलायला लागल्या की मारहाणीच्या, कर्जाच्या, टाकून दिल्याच्या गोष्टी बाहेर येतात. त्या वेळी सल्ल्याची घाई करू नये आणि "क्षमा कर, घरी जा" हे तर बिलकुल नाही. ऐकावं, प्रार्थना करावी आणि तिच्या संमतीने गुरुआमांना, म्हणजे पाळकबाईंना, सोबत घ्यावं, कारण आपण परवा निघणार. राष्ट्रीय महिला आयोगाची हेल्पलाइन ११४५ आहे, टीममधल्या प्रत्येकीला हा नंबर पाठ हवा. दुभाषी त्याच गावातली असेल तर खाजगी गोष्टीला तिला बसवण्याआधी त्या बाईला विचारावं.

पेहरावाचं थोडक्यात: पंजाबी ड्रेस किंवा साडी, ओढणी प्रार्थनेला डोक्यावर घेता येईल अशी, बसणं जमिनीवर, चपला बाहेर. टिकली लावू नये. तिकडे अनेक ख्रिस्ती बायकांनी विश्वासात आल्यावर टीका-सिंदूर सोडलेला असतो, त्यासाठी घरच्यांचे बोल खाल्लेले असतात. व्यासपीठावरच्या बाईच्या कपाळावर टिकली दिसली की संदेशापेक्षा तिचीच चर्चा होते. भेटल्यावर दोन्ही हात जोडून "जय मसीह", वयस्कर बाईला आमा, मोठीला दिदी, धाकटीला बहिनी.

येणाऱ्या बायकांचं बसभाडं आपण देऊ नये, याबद्दल आमचं मत ठाम आहे. एकदा दिलं की पुढच्या वर्षी स्थानिक महिला संगतीने घेतलेल्या मेळाव्याला कोणी येत नाही. शंभर नेपाळी रुपये नोंदणी त्यांनीच घ्यावी, जिला जमत नाही तिचे तिच्या मंडळीने भरावेत. आपलं अर्पण पाकिटात, महिला संगतीच्या खजिनदार दिदींच्या हाती, दोघींच्या सह्यांनिशी, जाहीर न करता. शेवटच्या सत्राची एक गोष्ट तिथल्याच एखाद्या बहिनीला शिकवायला द्यावी, तिची तयारी आदल्या रात्री करून घ्यावी आणि पुढच्या वर्षीचं निमंत्रण आलंच तर त्यात तिची दोन सत्रं आहेत का ते आधी बघावं.