एक फूट लांबीचा ट्रक चढावर नेताना

गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत माझा भाचा पुण्याला राहायला आला, तेव्हा आम्ही दोघांनी मिळून रिमोटवर चालणारा एक छोटा ट्रक विकत घेतला. खऱ्या गाडीच्या 1/16 मापाचा, जेमतेम फूटभर लांबीचा, चारही चाकांना गती मिळणारा, मागे खऱ्या मालट्रकसारखे कमानपाटे (स्प्रिंगचे काम करणाऱ्या वाकड्या पट्ट्या) असलेला असा तो ट्रक होता. त्यात 260 आकाराची ब्रश्ड मोटर आणि पाच सेलची, 6 व्होल्ट व 700 मिलिअँपिअर-तासांची निकेल-कॅडमियम बॅटरी होती. घरातल्या फरशीवर आणि उशांच्या ढिगावर तो सुरेख चालत असे. तळजाईच्या टेकडीवर नेल्यावर मात्र पायवाटेच्या कडेला असलेल्या वीतभर उंचीच्या, एका बाजूने उतरत्या काळ्या खडकाने त्याला अडवले. पुढची चाके खडकाला जेमतेम टेकत, मागची मुरमात गरगर फिरत आणि थोड्याच वेळात ट्रक पुढून उचलला जाऊन मागे कलंडत असे. "आत्या, याच्यात ताकदच नाहीये," असे भाच्याने तिथेच जाहीर केले आणि मलाही ते पटले.

त्या एका निदानावर विसंबून आम्ही सर्वांत आधी मोटर बदलली. 370 आकाराच्या मोटरचा व्यास 260च्या मोटरएवढाच असतो, पण लांबी अधिक असल्यामुळे आतला गाभा आणि चुंबक मोठे असतात, म्हणून ती त्याच जागेत बसते आणि जोर मात्र बराच जास्त देते. दुपारी बसवली आणि संध्याकाळी टेकडीवर नेली. तिसऱ्या प्रयत्नात पुढचे चाक खडकाच्या खाचेत अडकले, मी रिमोटचा ट्रिगर दाबून धरला, आतून कर्र असा आवाज झाला आणि ट्रक थांबला; पाठोपाठ जळकट वास आला. घरी उघडून पाहिले तर गिअरबॉक्समधल्या दुसऱ्या प्लास्टिकच्या चाकाचे दोन दाते मुळापासून तुटले होते आणि रिसीव्हर व वेगनियंत्रण एकत्र असलेल्या मूळ सर्किटवरचा एक ट्रान्झिस्टर काळा पडला होता.

हे का झाले, ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढे एकही सुटा भाग विकत घ्यायचा नाही, असे मी त्या रात्री ठरवले. ब्रश्ड मोटर फिरत असताना स्वतःच उलटा विद्युत दाब निर्माण करते आणि त्यामुळे तिच्यातून वाहणारा प्रवाह मर्यादित राहतो. चाक अडकून मोटर थांबली की हा उलटा दाब शून्य होतो, मग प्रवाहाला अडवायला फक्त तारेच्या वेटोळ्यांचा अल्प रोध उरतो. त्यामुळे प्रवाह सर्वाधिक आणि पिळाचा जोरही सर्वाधिक, अशी स्थिती नेमकी त्याच क्षणी येते. लहान मोटरसाठी आखलेल्या सर्किटला तो प्रवाह पेलला नाही आणि लहान मोटरसाठी घडवलेल्या दात्यांना तो जोर. दोष सर्किटचाही नव्हता आणि दात्यांचाही नव्हता. मोटरपासून टायरपर्यंतच्या साखळीतली कोणती कडी सर्वांत कमजोर आहे, ते न पाहता आम्ही पहिलीच कडी बळकट केली होती.

मग मी मोजमापाला लागले. एक मीटर लांबीच्या प्लायवूडच्या फळीवर 80 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला आणि फळीचे एक टोक पुस्तकांवर ठेवून ते हळूहळू उंच करत गेले. फळी नेमकी एक मीटरची असल्यामुळे टोकाची उंची मोजली की चढाचा कोन लगेच काढता येतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आधी पुढची दोन चाके आणि मग मागची दोन चाके ठेवून वजन घेतले, आणि दोन्ही वेळा उरलेली चाके काट्याच्याच उंचीच्या पुस्तकावर टेकवली, कारण ट्रक कलता राहिला तर आकडे चुकतात. ट्रकचे एकूण वजन 720 ग्रॅम भरले, त्यात पुढच्या चाकांवर 330 आणि मागच्या चाकांवर 390 ग्रॅम, म्हणजे पुढे केवळ 46 टक्के. चढावर गाडीचे वजन आणखी मागे सरकते, त्यामुळे पुढची चाके जवळपास हलकी होऊन नुसती खरडत राहतात. खडकावर ट्रक मागे का कलंडत होता, याचे उत्तर या दोन आकड्यांत होते.

सर्किट जळालेलेच असल्यामुळे ते काम पहिले करावे लागले. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत दोन फेऱ्या मारून वायर, उष्णतेने आवळणारी नळी, मोटरचा विद्युत गोंगाट शोषणारे 104 छापाचे सिरॅमिक कपॅसिटर आणि डाख देण्याचे सामान आणले. 20 अँपिअरचा ब्रश्ड ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारे सर्किट) आणि 2.4 गिगाहर्ट्झचा पिस्तुली रिमोट त्याच्या रिसीव्हरसह मागवला. दुकानातल्या काकांनी कपॅसिटर देतानाच सांगितले, "ताई, एक दोन टोकांच्या मध्ये आणि एकेक प्रत्येक टोकापासून मोटरच्या डब्याला लावा, नाहीतर स्टिअरिंग थरथरेल." मी पहिल्यांदा फक्त मधला एकच लावला होता आणि खरोखरच मोटर सुरू होताच पुढची चाके डावी-उजवीकडे शहारल्यासारखी हलत होती. उरलेले दोन लावल्यावर ती थरथर पूर्ण थांबली. डब्याला डाख धरत नाही, कारण तो धातू उष्णता लगेच ओढून घेतो. त्या जागी आधी बारीक पॉलिश पेपरने घासून, फ्लक्स लावून, मगच आयर्न टेकवावे लागते आणि तेही चुंबक तापण्याआधी पटकन उचलावे लागते.

मोटर मात्र या टप्प्यावर मी मुद्दाम जुनी 260चीच परत बसवली, कारण उरलेल्या साखळीतून किती मिळते ते मला वेगळे पाहायचे होते.

वजनाचे काम या सगळ्यात मला सर्वांत आवडले. टपावरचे कॅरिअर आणि त्यावरचे जादा चाक काढून टाकले, कारण उंचावरचा प्रत्येक ग्रॅम गाडीला कलंडायला मदत करतो. मागच्या हौद्याखाली असलेली शंभर ग्रॅमची जुनी बॅटरी काढून दोन सेलची 1000 मिलिअँपिअर-तासांची लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी घेतली, जी साधारण 60 ग्रॅमची आहे, आणि ती पुढच्या ॲक्सलच्या वर, शक्य तितकी खाली बसवली. पुढच्या चाकांच्या आत बसणारी पितळी कडी भोसरीतल्या एका लेथवाल्याकडून कातून घेतली: बाहेरचा व्यास 28, आतला 18 आणि रुंदी 10 मिलिमीटर. एवढ्या लहान कामासाठी तो मशीन लावेल की नाही, याची मला शंका होती. त्याने मात्र चाक हातात घेऊन फिरवून पाहिले, आतल्या बाजूला व्हर्निअर लावला आणि म्हणाला, "ताई, बरोबर 28 केलं तर बसणार नाही, पाव मिलिमीटर कमी ठेवतो." पितळ ॲल्युमिनिअमच्या तिपटीहून जड असल्यामुळे प्रत्येक कडे तीस ग्रॅमच्या आसपास भरले. चाकात ठेवलेले वजन स्प्रिंगच्या खाली राहते, त्यामुळे ते गाडीला झुलवत नाही, फक्त टायर जमिनीवर दाबून धरते. हे सगळे झाल्यावर एकूण वजन 724 ग्रॅम भरले, म्हणजे जवळजवळ पूर्वीइतकेच, पण त्यातले 412 ग्रॅम आता पुढच्या चाकांवर होते.

लिपो बॅटरीबद्दल इथेच सांगायला हवे, कारण ती शक्तिमान असली तरी हयगय सहन करत नाही. तिच्या एका सेलचा नेहमीचा दाब 3.7 व्होल्ट, पूर्ण भरल्यावर 4.2, आणि 3 व्होल्टच्या खाली तो गेला तर सेल कायमचा बिघडतो. ईएससीवरची बॅटरीच्या प्रकाराची छोटी क्लिप निकेलच्या जागेवरून लिपोच्या जागेवर हलवल्याशिवाय तो वेळेवर वीज तोडत नाही. आमची क्लिप निकेलवरच होती, हे मी पहिले चार्जिंग करण्याआधी तपासले म्हणून लक्षात आले. चार्जर दोन्ही सेल वेगवेगळे पाहून समतोल राखणाराच हवा, 1000 मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला प्रवाह 1 अँपिअरच द्यावा आणि चार्जिंग फरशीवर, नजरेसमोर करावे. आठवडाभर ट्रक चालवायचा नसेल तर बॅटरी पूर्ण भरून न ठेवता प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवतात. भाच्याने याची एक वही केली आहे आणि प्रत्येक वेळी दोन्ही सेलचे आकडे तो त्यात लिहितो.

टायर मूळचेच कडक रबराचे होते, ते बदलून मऊ रबराचे, आत फोम असलेले घेतले. मागच्या कमानपाट्यांमधला प्रत्येकी एक पाटा काढला, त्यामुळे एक चाक दगडावर चढले तरी उरलेली तीन जमिनीला धरून राहू लागली. चाकांच्या आणि गिअरबॉक्सच्या आत बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश होते. ते काढून बॉल बेअरिंग घातली. या बदलाची चढावर फारशी जाणीव होत नाही, पण ट्रक उचलून चाक बोटाने फिरवले तर आधी ते अर्ध्या वेढ्यात थांबत असे आणि आता मोटर सुटी केल्यावर कितीतरी वेढे घेते. जी शक्ती घर्षणात जात होती, ती वाचली आणि बॅटरी जास्त वेळ पुरू लागली.

या टप्प्यावर, त्याच जुन्या मोटरवर, फळीचे टोक 64 सेंटिमीटरपर्यंत उचलले तरी ट्रक चढून गेला. सुरुवातीला तो 50 सेंटिमीटरलाच घसरत होता. म्हणजे चढ 30 अंशांवरून जवळपास 40 अंशांवर गेला होता, आणि तोपर्यंत मोटरमध्ये आम्ही एक कणही बदल केलेला नव्हता.

त्यानंतरच 370ची मोटर पुन्हा हातात घेतली. या वेळी आधी गिअरबॉक्समधली चाके धातूची घातली आणि मधल्या प्लास्टिकच्या शाफ्टऐवजी पोलादी शाफ्ट बसवले. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे क्रॉस (वळते सांधे) एकमेकांच्या रेषेत असावे लागतात. एका शाफ्टचे आम्ही काटकोनात जोडले होते आणि त्यामुळे ट्रक हळू चालताना लंगडल्यासारखा झटके देत होता. जोड उघडून फिरवल्यावर चाल सरळ झाली. मोटरवरचे पिनिअन, म्हणजे छोटे दातेरी चाक, 12 दात्यांचे होते, ते काढून 10 दात्यांचे लावले. समोरचे चाक 38 दात्यांचे असल्यामुळे गुणोत्तर 3.17 वरून 3.8 झाले, म्हणजे वेग कमी झाला आणि चाकांवरचा जोर वीस टक्क्यांनी वाढला. दोन चाकांमधले अंतर जुळवण्यासाठी वहीच्या कागदाची पट्टी दात्यांमध्ये घालून मोटर घट्ट दाबली, स्क्रू आवळले आणि मग पट्टी फिरवून बाहेर काढली. पट्टीवर नागमोडी घडी उमटली पाहिजे, पण कागद फाटता कामा नये. फाटला तर दाते फार जवळ आहेत आणि मोटर तापणार, हे नक्की समजावे.

मागचे डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) आम्ही एम-सीलने भरून बंद केले, जेणेकरून एक चाक हवेत गेले तरी दुसऱ्याला जोर मिळत राहील. याची किंमत वळणात मोजावी लागते: 110 सेंटिमीटरच्या वर्तुळात वळणाऱ्या ट्रकला आता 135 सेंटिमीटर लागतात. म्हणून पुढचे डिफरन्शिअल तसेच ठेवले. स्टिअरिंगसाठी धातूच्या गिअरचा एमजी90एस सर्व्हो (चाके वळवणारी छोटी मोटर) बसवला आणि रिमोटवर त्याची दोन्ही बाजूंची कमाल मर्यादा थोडी आत घेतली, कारण चाक आधीच टोकाला टेकलेले असताना सर्व्हो ढकलत राहिला तर तो इतकी वीज ओढतो की रिसीव्हरला क्षणभर पुरेसा दाब मिळत नाही आणि ट्रक जागीच मरतो. हे आमच्या बाबतीत दोनदा झाले आणि दोन्ही वेळा मी उगाच बॅटरीला दोष दिला होता.

फळीवर ट्रक आता 71 सेंटिमीटर, म्हणजे 45 अंश चढतो. दिवाळीच्या सुट्टीत भाचा परत आला, तेव्हा आम्ही सकाळी सातला तळजाईवर गेलो. दवाने खडक ओला होता, म्हणून ऊन येईपर्यंत थांबलो. पुढचे डावे चाक त्याच खाचेत गेले जिथे दाते तुटले होते. भाच्याने ट्रिगर सोडला, ट्रक बोटभर मागे घेतला, चाके थोडी उजवीकडे वळवली आणि अगदी सावकाश पुन्हा दाबले. मऊ टायर खाचेच्या कडेवर दबून पसरला, मागचा कमानपाटा वाकला, आणि ट्रक एकदाही न घसरता वर जाऊन उभा राहिला. तिथून उचलून घेतल्यावर आम्ही दोघांनी आळीपाळीने मोटरला बोट लावून पाहिले. ती फक्त कोमट होती.