अख्खी कांडी

सांगलीतून ट्रकमध्ये हळद भरून रात्री साडेअकराला निघालो. गाडी 2 महिन्यांची. गिअर आपोआप पडतात, पुढे रडार, एक कॅमेरा रस्त्याकडे आणि एक माझ्या तोंडाकडे. 19 वर्षांत तोंडाकडे कॅमेरा पहिल्यांदाच.

आष्टा सोडल्यावर रस्त्यात ऊस पडलेला दिसायला लागला. गळिताच्या दिवसांत तो असतोच, पण बघायचं कांडीकडे. चिरडून चोथा झाली असेल तर ट्रॉली कधीच पुढे गेली. कांडी अख्खी आणि वाढं हिरवंगार, म्हणजे ट्रॉली इथंच कुठंतरी, आणि तिला मागे दिवा नसणार. मी पाय उचलला. पडद्यावर काहीच नव्हतं. वळण घेतलं तर निम्म्या रस्त्यात ट्रॅक्टर, मागे 2 ट्रॉल्या, चाकाला दगड, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. ट्रॅक्टरवाला खाली वाकून जॅक लावत होता. कचकन ब्रेक दाबला, तेव्हा कुठं भोंगा वाजला. चार-पाच हातांवर गाडी थांबली.

सकाळी ऑफिसचा फोन: "रात्री हार्ड ब्रेक का मारला? पॉइंट गेले तुमचे." कांडीचं सांगितलं, तर म्हणे सिस्टीममध्ये तसा रकाना नाही. एकदा रात्री आमच्यासोबत बसा म्हणावं.

हे मी सगळ्यांना सांगतो. त्याच रात्रीचं पुढचं आत्तापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

लिंब खिंडीनंतर रस्ता मोकळा, क्रूझ कंट्रोल 60 वर लावला, म्हणजे वेग गाडीच धरून ठेवते. पाय रिकामे, हात नुसते स्टिअरिंगवर. आणेवाडी टोलनाक्याच्या अलीकडे कानाशी भोंगा. माझे डोळे मिटले होते. किती वेळ, ते त्या कॅमेऱ्यालाच माहीत. कडेला घेऊन तोंड धुतलं, तर हात थरथरत होते. ज्याला 2 महिने शिव्या घातल्या, त्यानंच मला वाचवलं.

ढाब्यावर पोरं म्हणतात, गाडी आपोआप चालली तर बसून पगार. काही म्हणतात, काळजी नको, गडकरींनी 2023 मध्येच सांगितलंय, बिनड्रायव्हरच्या गाड्या येऊ देणार नाही. पण तिकडे टेक्सासात डॅलस ते ह्यूस्टन 2025 च्या एप्रिलअखेरीस बिनड्रायव्हरचे ट्रक सुरू झाले, आणि ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या सांगण्यावरून मे महिन्यात माणूस परत सीटवर बसवला. चालवायला नाही, नुसता बघायला. मला भीती त्या सीटची वाटते. हाताला काम असलं की झोप लांब राहते. रात्रभर नुसतं बघत जागं राहणं चालवण्यापेक्षा अवघड आहे.

पूर्वी शेजारी किन्नर, म्हणजे क्लीनर असायचा, बोलत राहायचा. खर्च वाचवायला तो काढला. तो परत द्या, असं परवा ऑफिसात सांगून आलोय. बघतो म्हणालेत.