कासला जाऊन करता काय?

पावसाळा सरत आला की पुण्या-मुंबईचे पाहुणे फोन करून विचारतात, साताऱ्याजवळचं कास पठार फुललं का? त्याचं उत्तर सोपं आहे. आमच्या आळीतले लोक मात्र वेगळंच विचारतात: "सारखं कासला जाऊन तिथं एवढा वेळ करता काय? ध्यानबिन लावता की काय?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगतो.

ध्यान नाही लावत. ओळखीतले काहीजण इगतपुरीला दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलेत. तिथं पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा असतो. त्यांना ते साधलं, चांगलंच आहे. मला डोळे मिटले की वीजबिल आठवतं. माझं लक्ष टिकतं ते डोळे उघडे असताना, आणि समोर बघण्याजोगं काही असेल तर.

कासला ते आहे. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पंचवीसेक किलोमीटर, उंची साधारण १२०० मीटर. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर हे पठारही जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि गर्दी वाढली. उभ्यानं बघितलं तर तिथं रंगांचे पट्टे दिसतात, फोटोत येतात तेच. मी वाटेकडेच्या उघड्या जांभ्या खडकावर बसतो आणि समोरची हातभर जागा धरतो. फुलं तुडवत आत शिरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

जांभ्यावर माती जेमतेम बोटभर. पावसानं तिच्यातला कस धुऊन नेलेला, नायट्रोजन तर नावालाच. मग काही झाडं दुसरी सोय बघतात, किडे पकडून खातात. दवबिंदू नावाच्या झाडाच्या पानांवरच्या केसांना चिकट थेंब असतात, त्याला चिलट डकलं की सुटत नाही. सीतेची आसवं हे झाड तर त्याहून बेरकी. नाव एवढं करुण, जांभळी फुलं इवलीशी, आणि खाली खरी मुळंच नाहीत. ओल्या मातीत बारीक बारीक फुगे. फुग्याच्या तोंडाशी दार असतं. पाण्यातला सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार उघडतं, पाण्याबरोबर तो आत ओढला जातो आणि दार बंद. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं, त्यामुळं प्रत्यक्ष दिसत काहीच नाही. पण खाली हे चाललंय, एवढं माहीत झाल्यावर नजर हलत नाही. त्या वेळात वीजबिल आठवत नाही, हे मात्र अनुभवानं सांगतो.

शिवाय पुढच्या खेपेला ती हातभर जागा तशी राहत नाही. पांढरे गेंद असतात तिथं सोनकी पिवळी होते. तेरड्याचं तर म्हणीतच आलंय. बहुतेक झाडं एका पावसात उगवून, फुलून, बी टाकून मोकळी होतात. टोपली कारवीला मात्र घाई नसते; ती साधारण सात वर्षांनी फुलते, तिच्यासाठी थांबावं लागतं. अमुक रविवारी सगळं एकदम बघायला मिळेल असा रविवार नसतोच, म्हणून पाहुण्यांनाही मी तारीख देत नाही. आडवारी या, बुकिंग आधी करा, एवढंच सांगतो.

आणि कंटाळा? येतो की. पाऊण-एक तासानं पाय आखडतात, ढग उतरला तर समोरचं काही दिसेनासं होतं. मग उठतो आणि उतरताना यवतेश्वराला भाजलेलं कणीस खातो, तिखट-मीठ जास्त लावून.